बिशपच्या गुडघ्याखालचा बाक

रविवार, ३ मार्च

चर्च आटोपून नेहमीप्रमाणे आम्ही दोघं बिशपच्या गुडघ्यावर निघालो. गावातले लोक या डोंगराला नुसतं 'गुडघा' म्हणतात, पण माझा सगळा जन्म सरकारी नकाशा खात्यात डोंगर मोजण्यात गेला असल्यामुळे मी पूर्ण नाव लिहितो. माथ्यावरचा खडक खरोखरच प्रार्थनेला बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासारखा आहे. तो बिशपचाच कशावरून, हे मात्र कुणी सांगू शकत नाही.

विनी थकत चालली आहे. वाटेत कुरणांच्या कुंपणाच्या दगडी भिंती लागतात; त्यातल्या दुसऱ्या भिंतीच्या पायऱ्या ओलांडल्या आणि ती थांबली. "जरा देखावा बघू या," म्हणाली.

तिथे देखावा नाही. समोर पडायला आलेली एक आडवी भिंत आहे, भिंतीच्या कडेने अंगाला लागली की आग होते ती आग्याची झुडपं आहेत, आणि डावीकडे मेंढ्या पाळणाऱ्या स्लेटरच्या शेणखताचा ढीग. तीन परगणे दिसतात ते वर, माथ्यावरून. हे मी तिला सांगायला सुरुवात केली, पण वारा इतका होता की वाक्य पुरं करता आलं नाही. ती शांतपणे ढिगाकडे बघत उभी राहिली. तिला संकोच वाटू नये म्हणून मीही भिंतीला टेकलो. बराच वेळ टेकलो. आपल्या बायकोचं वय झालंय हे मान्य करणं कुठल्याच नवऱ्याला सोपं नसतं, पण दोघांपैकी कुणीतरी समजूतदारपणा दाखवावाच लागतो.

डोंगर मला पूर्वीपेक्षा उभा वाटला. याचा छडा लावायला हवा.

मंगळवार, ५ मार्च

नाश्त्याला विनी म्हणाली, "मला एक बाक हवाय."

"बागेत आहे की."

"बागेत नको. गुडघ्याच्या वाटेवर. दुसऱ्या भिंतीपाशी, आपण थांबलो होतो तिथे."

मी तिला समजावलं की डोंगरावर बाक हवा म्हणून बसवता येत नाही. या गावात बाक फक्त मेलेल्या माणसांच्या नावाने बसवतात. पंचायतीचा तसा नियमच आहे. माणूस मेलेला हवा, आणि त्याला ती जागा आवडत असायला हवी.

टोस्टला मुरंबा लावता लावता ती म्हणाली, "मग मी मेले असं समज."

"विनी, असं कसं समजू? तू समोर बसून खातेयस."

"लिओपोल्ड, एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे काय मागितलंय?"

मी आठवून बघितलं. पडदे मागितले होते. पण ते बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं. अर्ज करतो म्हणालो. मात्र बाक बसवायचाच तर माथ्यावर बसवावा, शेणखतासमोर नव्हे, असंही स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "मेलेल्या बाईला कुठे बसायचंय ते तिला ठरवू दे."

शनिवार, ९ मार्च

डोंगराची मोजणी केली. तरुणपणी मीच त्याची उंची नकाशावर घातली होती, त्यामुळे फरक पडला असेल तर तो मलाच आधी कळायला हवा. दुर्बीण आणि तिपाई घेऊन निघालो. वाटेत दोनदा तिपाई उघडून नीट तपासावी लागली. दुसऱ्या खेपेला तपासता तपासता खालीच बसलो, तेवढ्यात स्लेटर त्याची मोटारसायकलसारखी चार चाकांची गाडी घेऊन मेंढ्या बघायला आला. डोंगरावरची कुरणं त्याचीच, आणि पंचायतीचा अध्यक्षही तोच. माणूस बोलायला खडबडीत आहे.

"काय झालं, लिओ?"

"डोंगर वाढलाय असा मला संशय आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग डोंगराकडे बघितलं. "असेल," म्हणाला. "हल्ली काही सांगता येत नाही. बस मागे."

माथ्यावर मोजणी केली. उंची जशीच्या तशी भरली, बोटभरही फरक नाही. याचा अर्थ दुर्बीण बिघडली. स्लेटर तेवढा वेळ माझ्या शेजारी उभा होता. परत येताना त्याने मला दारापर्यंत सोडलं आणि मग स्वयंपाकघरात विनीशी बराच वेळ गप्पा मारत बसला. मेंढ्यांबद्दल असणार.

गुरुवार, १४ मार्च

पंचायतीची सभा. शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले होते, कारण आज बाक आहे ही बातमी फुटली होती. कार्यवाह मिस ऑडी यांनी माझा अर्ज वाचून दाखवला आणि मग चष्म्यावरून दुसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथे विनी हिरवी टोपी घालून बसली होती.

"अध्यक्षमहाराज, एक अडचण आहे," मिस ऑडी म्हणाल्या. "कैलासवासी इथे हजर आहेत."

स्लेटर म्हणाला, "मला दिसतंय. अर्जदाराला विचारू. मृत व्यक्तीला ती जागा आवडत होती का?"

मी म्हणालो, "माझ्या मते तिला माथा जास्त आवडायचा."

"नाही आवडायचा," विनी मागून म्हणाली.

"विनी, तू बोलू नकोस," स्लेटर म्हणाला. "तू बोललीस तर मला अर्ज फेटाळावा लागेल."

मग चर्चा सुरू झाली. बेकरीवाला गमर्सल म्हणाला की एकदा जिवंत माणसांना बाक द्यायला लागलो की उद्या जो तो मागेल, आणि डोंगरावर चालायला जागा उरणार नाही. मिस ऑडी म्हणाल्या की नियमात 'मृत' असा शब्द आहे, पण कुठे मृत हे लिहिलेलं नाही. हे बोलून त्या स्वतःच गोंधळल्या आणि पाणी प्यायल्या. स्लेटरने मात्र तो धागा पकडला. शेवटी ठराव झाला तो असा: विनिफ्रेड हार्गिल यांना पहिल्या भिंतीपासून तिसऱ्या भिंतीपर्यंत मृत समजण्यात यावं. गावात आणि इतरत्र त्या पूर्वीप्रमाणेच राहतील.

मतदान झालं. गमर्सलने विचारलं की त्या पट्ट्यात विनी त्याला भेटली तर नमस्कार करायचा की टोपी काढायची. स्लेटर म्हणाला, दोन्ही कर.

ठराव पास झाला. मी जागेच्या मुद्द्यावर विरोधात मत दिलं. घरी येताना विनी माझा हात धरून चालत होती, तेही अगदी हळू. चढ नसतानाही तिला आता इतकं हळू चालावं लागतं हे बघून मला वाईट वाटलं.

सोमवार, १८ मार्च

विनीला डॉक्टरकडे घेऊन गेलो. म्हणजे तिनेच वेळ ठरवली होती आणि एकटीने जायला नको म्हणाली. नव्या डॉक्टर, ट्रेनहोम बाई, हुशार दिसतात पण जरा वेंधळ्या आहेत. रक्तदाबाचा पट्टा त्यांनी माझ्याच दंडाला बांधला. मी सांगितलं, पेशंट त्या तिकडे आहेत. त्या म्हणाल्या, "हो, हो, आधी तुमचं उरकून घेऊ." मग माझी छाती तपासली, पाठ तपासली, जिने चढताना काय होतं विचारलं. मी म्हणालो, जिने चढताना वर जायला होतं. त्या हसल्या नाहीत. मला मोठ्या इस्पितळात तपासणीला पाठवायचं म्हणत होत्या. मी सांगितलं, आधी हिचं बघा, माझं काय घाईचं आहे.

विनीला रोज सकाळी घ्यायच्या गोळ्या दिल्या आहेत. तिला गोळ्यांची आधीपासून धास्ती. तेव्हा असं ठरलं की तिला सोबत म्हणून मीही रोज तिच्याबरोबर एक गोळी घ्यायची. माझी पांढरी आणि कडू आहे. तिची हिरवी आहे, आणि तिला पेपरमिंटचा वास येतो. औषध कंपन्या बायकांसाठी वेगळी चव ठेवतात असं दिसतं. मी तक्रार केली नाही. संसारात असं थोडंफार सोसावं लागतं.

रविवार, २८ एप्रिल

बाक बसला. ओक लाकडाचा, भक्कम. पाठीवर पितळी पट्टी: 'विनिफ्रेड हार्गिल हिच्या स्मरणार्थ. तिला इथे बसायला आवडत असे.' मी म्हणालो, 'आवडत असे' चूक आहे, ती इथे अजून एकदाही बसलेली नाही. विनी बसली आणि म्हणाली, "आता बरोबर झालं."

थर्मासमधला चहा प्यायलो. समोर भिंत. आग्याला नवी पालवी फुटली आहे. मला बसायची तशी गरज नव्हती, पण मोकळी जागा वाया कशाला घालवायची म्हणून मीही बसलो.

तेवढ्यात लीड्सहून आलेलं एक तरुण जोडपं वर आलं. पट्टी वाचून मुलगी हळव्या आवाजात मला म्हणाली, "तुमच्या पत्नी?"

"हो," मी म्हणालो.

"फार वाईट वाटलं. कशानं गेल्या?"

मी काही सांगायच्या आत विनी म्हणाली, "पंचायतीच्या ठरावानं."

त्या मुलीला काय समजायचं ते कळेना. नवऱ्याने विनीला विचारलं, "तुम्ही त्यांना ओळखत होता?"

"लहानपणापासून," विनी म्हणाली. "चांगली बाई होती. थोडी हट्टी. पण नवरा असा असल्यावर दुसरं काय करणार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पूर्वीइतकी सहानुभूती नव्हती. जाताना मुलीने पिवळ्या रानफुलांचा एक गुच्छ बाकावर ठेवला. विनीने तो घरी आणला. स्वयंपाकघरात छान दिसतोय.

मंगळवार, ७ मे

विनीची बहीण म्यूरिएल श्रूजबरीहून आली. काळा कोट, काळे मोजे, काळी पर्स. तिला कुणीतरी बाकाचा फोटो पाठवला होता. दार विनीने उघडलं.

म्यूरिएल म्हणाली, "म्हणजे तू मेली नाहीस."

"इथे नाही."

"मग कळवायचं तरी. मी आठवडाभर रडतेय. तुझ्याबद्दल जे जे बोलले होते ते सगळं मागे घेतलं मी, शेजारणीसमोर."

"सगळं?"

"पियानोचं सुद्धा."

आईचा पियानो कुणी घ्यायचा यावरून या दोघी माझ्या माहितीप्रमाणे कित्येक वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत. दुपारभर बसून त्यांनी आख्खा केक संपवला. संध्याकाळी म्यूरिएलला बाक बघायचा होता. ती आणि विनी पुढे गेल्या. दोघी बहिणी इतक्या भरभर चढत होत्या की मला त्यांना थांबवावं लागलं. विनी मला पाहून लगेच थकली. बहिणीसमोर तिने आजार लपवायचा प्रयत्न केला असणार.

म्यूरिएल बाकावर मधोमध बसली, पुढ्यातल्या भिंतीकडे बघून म्हणाली, "ही जागा का निवडली?" विनीने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानंतर म्यूरिएल माझ्याशी चमत्कारिकपणे गोड वागायला लागली. मला तिने स्वतःचा मफलर दिला. मे महिन्यात.

रविवार, १९ मे

ही गोष्ट आता हाताबाहेर चालली आहे. आज बाकापाशी माणसांची रांग होती. लीड्सच्या त्या मुलीने इंटरनेटवर लिहिलं म्हणे, की बाकी सगळे बाक मोठमोठ्या देखाव्यांकडे तोंड करून असतात, हा एकच बाक असा आहे की त्याच्यासमोर काही नाही, आणि तिथे बसल्यावर मनातलं सगळं शांत होतं. तेव्हापासून मँचेस्टरहून माणसं येतात, बसतात, आणि भिंतीकडे बघतात. एक गृहस्थ डोळे पुसत होता. एकाने मला विचारलं की शेणखताचा ढीग मूळचाच आहे की नंतर आणून ठेवलाय.

माथ्यावर कुणीच जात नाही. मी चार जणांना थांबवून सांगितलं की वर तीन परगणे दिसतात, स्वच्छ हवा असली तर समुद्राची रेघही. ते म्हणाले, तसलं सगळीकडेच असतं.

स्लेटरने पायथ्याशी पाटी लावली आहे, 'प्रेक्षणीय भिंतीकडे', आणि बाण. गमर्सल तिथे टेबल टाकून बन विकतो. तोच गमर्सल, ज्याने विरोधात भाषण केलं होतं. विनी आली की तो टोपी काढतो आणि नमस्कारही करतो.

सगळ्यात वाईट म्हणजे आम्हाला आमच्याच बाकावर बसायला मिळालं नाही. विनी अस्वस्थ झाली. तिने माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "चल, परत जाऊ." इतक्या वर्षांत रविवारी आम्ही पहिल्यांदाच माथ्यावर न जाता परतलो. तिच्याखातर मी मान डोलावली, पण मनातून फार खट्टू झालो. मी स्वतःला विचारतो, मी आता असाच अर्ध्या वाटेवरून परत फिरणारा माणूस होणार का?

बुधवार, ५ जून

(शुक्रवारी लिहितोय. बुधवारी वही जवळ नव्हती.)

विनी केस कापायला गेली होती. मी चिठ्ठी ठेवली, 'माथ्यावर जाऊन येतो,' आणि एकटाच निघालो. तिच्यामुळे माझीही चाल मंदावली आहे, ती पुन्हा सुधारावी असा विचार होता.

बाकावर पाच जण दाटीवाटीने बसले होते. एका बाईने सरकून जागा केली. मी म्हणालो, नको, मला काही गरज नाही. आणि ताठ चालत पुढे गेलो. ते बघत होते तोवर ताठ चाललो. तिसऱ्या भिंतीनंतर डोंगर फारच उभा झाला. मोजणीत काय येतं ते येवो, मी अनुभवाने सांगतो. दंडात कळ आली, छातीवर कुणीतरी गुडघा टेकवल्यासारखं वाटलं, आणि मी ढग बघायला म्हणून गवतावर आडवा झालो.

ढग चांगले होते. एक मेंढी येऊन उभी राहिली. तिला माझ्याकडून काय हवं होतं कळलं नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही, मी घाबरलो होतो. पण मरणाला नाही, एका वेगळ्याच गोष्टीला. मला वाटत होतं, मी नसलो तर विनीसाठी हळू कोण चालेल?

मग ती दिसली. खालून, अर्धे केस कापलेले, गळ्यात न्हाव्याचं फडकं तसंच. ती चालत नव्हती, पळत होती. दुसरी भिंत तिने ओलांडली नाही, तिच्यावरून उडी मारली. वाटेत उभ्या असलेल्या बघ्यांना तिने कोपराने बाजूला सारलं, आणि कुठेही क्षणभर न थांबता तो सगळा चढ चढून आली. मला एकटं चढताना बघून स्लेटरनेच तिला निरोप दिला होता; त्याची गाडी मागून येत होती, ती तिच्या मागेच राहिली. आजारी बाईच्या मानाने हे थक्क करणारं होतं. त्या गोळ्या भलत्याच गुणकारी दिसतात.

तिने गुडघ्यांवर बसून माझ्या कॉलरचं बटण सोडलं. मी म्हणालो, "विनी, तू असं पळायचं नाहीस."

"गप्प बस," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नकोस. माझ्याकडे बघ फक्त."

"आपण तिसऱ्या भिंतीच्या वर आहोत. इथे तू जिवंत आहेस."

"हो," ती म्हणाली. "आणि तूही. तसाच राहा."

रविवार, ९ जून

इस्पितळ. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक नळी तुंबली होती, ती मोकळी केली. परसातली मोरी तुंबते तसंच काहीतरी. मी विचारलं, कशामुळे. त्यांनी बरीच कारणं सांगितली. विनी शेजारी बसली होती, ती म्हणाली, "डोंगर वाढल्यामुळे." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

तिचे केस अजून एका बाजूने लांबच आहेत. कुणी तरी तिला सांगायला हवं, पण मला वाटतं ते सध्या मी सांगू नये.

स्लेटर येऊन गेला. त्याने पाटी काढून टाकली आहे. लोकांना सांगतो की भिंत दुरुस्तीला घेतली आहे. खाटेच्या पायथ्याशी टोपी चुरगाळत उभा राहिला आणि म्हणाला, माथ्यावर तुझ्या नावाने बाक करायचा का, म्हणजे पुढेमागे, घाई नाही. विनीने त्याच्याकडे असं बघितलं की तो द्राक्षं ठेवून निघून गेला.

रविवार, २१ जुलै

घरी आल्यापासून आजच पहिल्यांदा वर गेलो. मी एक निर्णय घेतला आहे, आणि तो विनीला वाटेतच सांगितला. मला झालेल्या या किरकोळ प्रकाराचा तिने फार धसका घेतला आहे, तेव्हा इथून पुढे तिच्या प्रकृतीसाठी आपण फक्त बाकापर्यंतच जायचं. माथा राहू दे. मला वाईट वाटेल म्हणून तिने आग्रह करू नये.

"तू म्हणशील तसं," ती म्हणाली. इतक्या चटकन तिने माझं कधी ऐकलेलं नाही. ती खरंच म्हातारी झाली आहे.

पहिली भिंत ओलांडायला वेळ लागला. दुसरी ओलांडायला त्याहून. बाकावर एक सुटाबुटातला माणूस आणि त्याची आई बसली होती. विनी त्यांच्यासमोर उभी राहिली.

"उठता का जरा? हा बाक माझा आहे."

त्या माणसाने मान वळवून पट्टी वाचली. मग म्हणाला, "बाई, हा बाक विनिफ्रेड हार्गिल यांच्या—"

"मीच ती."

आई आधी उठली. मुलगा तिच्या मागोमाग. उताराला लागल्यावर दोघांनीही वळून बघितलं नाही.

बसलो. मफलर गळ्यात होता, विनीने घालायला लावला. आग्या आता कमरेएवढा वाढला आहे आणि त्याच्यावर काळ्या सुरवंटांची गर्दी आहे. भिंतीतला वरचा एक दगड कलंडलाय. तो कधी पडेल याचा मी अंदाज बांधत होतो. बराच वेळ आम्ही दोघं त्या दगडाकडेच बघत होतो, आणि मला एकदाही वर जावंसं वाटलं नाही.

मग मला विनीची काळजी वाटली. इतका चढ चढून आली होती. इस्पितळात नर्सने शिकवल्याप्रमाणे मी तिचं मनगट धरून नाडी बघितली. ठोके एकसारखे होते, संथ आणि दणकट. पोरीची नाडी असावी तशी. मी तसं तिला सांगितलं, आणि हात सोडायला लागलो.

"इतक्यात सोडू नकोस," ती म्हणाली. "नीट मोज. एखादा चुकत असेल."

एकही चुकत नव्हता. पण मी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.